थंड खोलीचा पहारेकरी

बन्सीलाल सोनवणे यांनी एकाच दिवशी त्रेचाळीस माणसांना त्यांचं मत विचारलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं. साध्या माणसाला मत विचारलं की तो मत सांगून मोकळा होतो. पण जळगावच्या सहकारी संघात वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारलं, की तो आधी चष्मा काढतो, पुसतो, परत घालतो आणि म्हणतो, "हे विचारायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

संघ केळीवाल्यांचा. मुख्य कचेरी जळगावात, विभागीय कचेरी धुळ्यात, शिवाय चोपडा, पहूर अशा शाखा. कुणाच्या बागेत किती खोडं, कुणाची केळी कधी कापायला येणार, कुणाच्या गाडीचा नंबर कधी लागणार, हे सगळं पूर्वी लाल कापडात बांधलेल्या वह्यांमध्ये असायचं. पंच्याण्णव साली त्या वह्या माळ्यावर गेल्या आणि त्यांच्या जागी सर्व्हर आला. म्हणजे सगळी माहिती पोटात घेऊन बसलेलं एक थोरलं मशीन. ते एका जागी बसणार, आणि बाकीच्यांनी आपापल्या टेबलावरच्या टर्मिनलवरून त्याला विचारायचं. धुळेकरांनी आणि शाखांनी टेलिफोनच्या तारेवरून विचारायचं. मशीन मोठं नाजूक. जळगावचा उन्हाळा त्याला सोसायचा नाही, म्हणून त्याला स्वतंत्र खोली, खिडकीत एसी, आणि दाराशी चपला काढायची पाटी. कचेरीत त्या खोलीला सगळे थंड खोली म्हणत. खुद्द व्यवस्थापकांना कूलरवर भागवावं लागत होतं, त्यामुळे या मशीनबद्दल पहिल्या दिवसापासूनच लोकांच्या मनात अढी होती.

थंड खोलीचे प्रमुख बन्सीलाल. त्याआधी सात वर्षं ते शिंदखेड्याच्या गोदामात पोती राखत होते आणि पत्नी सुमनबाई जळगावात शाळेत शिकवत होत्या. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं, असा संसार. गोदामातून सुटण्यासाठी बन्सीलालनी चाळिशीत संगणकाचा वर्ग लावला, परीक्षा दिली, आणि तेव्हा कुठे नवराबायको रोज एका घरात चहा प्यायला लागले. थंड खोली गेली तर ते एक घरही जाणार होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तर सत्त्याण्णव सालच्या मार्चपासून सर्व्हर पडायला लागला. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, आणि तोही भर दुपारी. सगळ्यांचे पडदे एकदम काळे व्हायचे, गाडीचा नंबर घ्यायला चोपड्याहून आलेली माणसं काउंटरवर हात आपटायला लागायची, आणि धुळ्याहून फोन यायचा.

"मशीन आपोआप पडत नसतं, सोनवणे," व्यवस्थापक धनसिंग गिरासे म्हणाले. "पाडलं जातं." गिरासे साहेब मूळचे संशयी. कुणी हसून नमस्कार केला तर ते मागं वळून बघायचे. त्यांनी टेबलाचा खण उघडून एक कागद दाखवला. बन्सीलालच्या बदलीचा आदेश, शिंदखेडा गोदाम, टाइप करून तयार. फक्त तारखेची जागा कोरी. "एकतीस मेपर्यंत मला लेखी कारण द्या, जबाबदार माणसाच्या नावासकट. नाहीतर इथं तारीख पडेल."

सर्व्हरवर नजर ठेवायला बन्सीलालनी एक छोटा प्रोग्राम आधीच लिहिला होता. त्याचं नाव 'पहारेकरी'. सर्व्हरचं पोट किती भरलंय, किती माणसं जोडलेली आहेत, कोण काय विचारतंय, कोण किती वेळ गप्प आहे, हे सगळं तो पडद्यावर दाखवायचा. अडचण एवढीच, की पहारेकरी राहायचा सर्व्हरच्याच पोटात. सर्व्हर पडला की पहारेकरीही त्याच्याबरोबर पडायचा आणि नेमकं काय झालं ते सांगायला कुणी उरायचं नाही. तेव्हा बन्सीलालच्या मनात आलं, की जे लोक हे मशीन दिवसभर वापरतात त्यांनाच विचारावं. पडण्याआधी काय दिसतं, पहारेकऱ्यात काय सुधारणा हवी. म्हणून त्यांनी अभिप्राय पत्रक काढलं. चार प्रश्न, खाली दोन कोऱ्या ओळी, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात: 'नाव लिहिण्याची गरज नाही.'

या एका वाक्यानं घात केला. नाव नको म्हणतोय, म्हणजे नाव शोधून काढायची याच्याकडे काहीतरी सोय असणार, असं तासाभरात कचेरीत ठरलं. काहींनी डाव्या हातानं पत्रक भरलं. पहूर शाखेनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमची काहीही तक्रार नाही, पूर्वीही नव्हती.' धुळ्याहून अकरा पत्रकं आली आणि ती अकराही एकाच शाईत, एकाच अक्षरात होती. पहिल्यावर उत्तरं होती आणि बाकीच्या दहांवर 'वरीलप्रमाणे'. एकानं उलटाच प्रश्न विचारला होता, 'पहारेकऱ्यावर पहारा कोण ठेवतो?' बन्सीलालना तो प्रश्न फार लागला.

खरी बोंब झाली ती 'निष्क्रिय' या रकान्यावरून. टर्मिनलवर कुणी काही टाइप केलं नाही, की त्याच्या नावापुढं पहारेकरी 'निष्क्रिय, ४७ मिनिटे' असं दाखवायचा. ही माहिती मशीनसाठी होती, पण माणसांना ती झोंबली. "सत्तेचाळीस मिनिटं मी सभासदाला समजावून सांगत होतो," भांडारपाल भटू चौधरी तावातावानं म्हणाला. भांडारपाल म्हणजे खडू, शाई, कागद आणि सगळ्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात असतात तो. सत्तेचाळीस मिनिटं तो जेवणानंतर गोदामातल्या गादीवर पडला होता हे अख्ख्या संघाला माहीत होतं, पण लेखी कुणी दिलं नव्हतं. बन्सीलालनी 'निष्क्रिय' काढून 'विश्रांती' केलं. त्यावर जास्त तक्रारी आल्या. मग 'चिंतन' केलं, तेव्हा कुठे लोक शांत झाले.

पाच पत्रकांत एक सूचना सारखी होती: सर्व्हर नीट चालू आहे की नाही हे अधूनमधून सांगत जा. बन्सीलालना ती आवडली. त्यांनी पहारेकऱ्याला दर पाच मिनिटांनी सगळ्यांच्या पडद्यावर 'सर्व ठीक' असं लिहायला शिकवलं. पहारेकरी मनापासून लिहू लागला, आणि जिथं कुणाचं काम चालू असेल नेमका तिथंच लिहू लागला. चोपडा शाखेतल्या कारकुनानं पडद्यावर बघून गाडीची चिठ्ठी लिहिली. गावाच्या जागी त्या क्षणी जे दिसत होतं ते त्यानं इमानानं उतरवलं. तो ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत सातपुड्याच्या पायथ्यानं 'सर्व ठीक' नावाचं गाव विचारत फिरत होता. दोन गावांनी त्याला आणखी पुढे पाठवलं.

"हे मुद्दाम केलंय," गिरासे साहेब ती चिठ्ठी उजेडात धरून म्हणाले. "कोणी, ते शोधा."

बन्सीलालच्या शेजारी आधारनाना राहायचे. पोलिसात जमादार म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी दोन गोष्टी सांभाळल्या होत्या: गच्चीवर कबुतरं आणि मनात संशय. कबुतरांमुळे चाळीतल्या बायकांना गच्चीवर काही वाळत घालता येत नसे आणि संशयामुळे पुरुषांना ओट्यावर निवांत बसता येत नसे. नानांनी त्रेचाळीस पत्रकांचा गठ्ठा मागवून घेतला, भिंग काढलं आणि ओट्यावर चौकशी मांडली.

"हा डावखुरा," एक पत्रक बाजूला ठेवत नाना म्हणाले. "हा डावखुरा नसून तसं दाखवतोय. आणि हा बघ, बन्सी, हा 'उत्तम' म्हणतोय. याला आधी धर."

"नाना, त्यानं चांगलं लिहिलंय."

"तेच म्हणतोय मी. चांगलं लिहायचं त्याला कारण काय?"

खरं तर बन्सीलालना हे पटायला नको होतं. पण माणूस शिंदखेड्याच्या कडेला उभा राहिला की त्याला काहीही पटतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आस्थापना विभागातून रजेचे जुने अर्ज मागवले आणि अक्षरं ताडून बघायला बसले. ते बसलेत हे भटूनं पाहिलं, भटूनं पाहिलंय हे बन्सीलालनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून कचेरीत कुणी कुणाला पेन उसनं देईना.

मग ते धुळ्याला गेले. अकरा पत्रकं एका अक्षरात लिहिणारी कचेरी प्रत्यक्ष बघायलाच हवी होती. एसटीनं एरंडोल, पारोळा करत, खिडकीतून भट्टीसारखा वारा खात ते बारा वाजता पोचले. विभागीय प्रमुख अभिमन बोरसे, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी आदरानं बसवलं, पाणी दिलं, शेवभाजी मागवली. बन्सीलालनी आजूबाजूला पाहिलं. कचेरीतल्या पाचही टर्मिनलांच्या पडद्यांवर टॉवेल टाकलेले होते. एकावर तर सुरेख फुलाफुलांचा होता, लग्नात आहेर आल्यासारखा.

"आबा, हे टॉवेल कशासाठी?"

"ते बघतं ना आमच्याकडे," आबा हळूच म्हणाले. "आम्ही किती मिनिटं चिंतन केलं ते जळगावला कळतं. मग काम असलं की टॉवेल वर करतो, काम झालं की खाली. बायामाणसं आहेत कचेरीत."

"आबा, त्याला डोळे नाहीत. तो फक्त मशीनची तब्येत बघतो."

"राहू द्या. तुम्ही भले माणूस आहात, पण तुम्हाला वरून काय सांगितलंय ते तुम्ही आम्हाला थोडंच सांगणार?" आबांनी त्यांच्या ताटात आणखी रस्सा वाढला. "एक विचारू? तुमचा पहारेकरी मशीनच्या आत बसतो ना? मग बाहेरून कोण येतंय ते त्याला कसं दिसणार?"

बन्सीलालचा घास हातातच राहिला. बाहेरून! थंड खोलीच्या मागं एक अरुंद बोळ होता. वर पत्रे, एका बाजूला कुंपणाची भिंत, आणि खोलीच्या खिडकीतल्या एसीची पाठ त्या बोळात निघालेली. तिकडे कधी कुणी बघतसुद्धा नव्हतं. परतीच्या एसटीत त्यांना सबंध रस्ता तो बोळच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दोन कामं केली. थंड खोलीला दोन कुलपं लावली. एक किल्ली स्वतःकडे, दुसरी भटूकडे, म्हणजे कुणा एकाला उघडता येऊ नये. आणि भागाबाईला बोलावलं. भागाबाई संघात रोजंदारीवर झाडलोट करायची, पाणी भरायची. चोपड्याकडची, बोलणं अहिराणी, आणि कामाला चोख.

"भागाबाई, रोज बारा ते तीन तू मागच्या बोळात बसायचं. कुणालाही तिकडे फिरकू द्यायचं नाही."

"रोज?"

"रोज."

भागाबाईचा चेहरा असा उजळला, की बन्सीलालना तेवढ्यापुरता तिचाही संशय आला.

संध्याकाळी बशीत भाजलेला बिबडा आणि चहा घेऊन सुमनबाई बसल्या. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. लसूण, तीळ, मिरची घालून शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर थापायचं आणि खाटेवर वाळवायचं. खानदेशातल्या घरात उन्हाळ्यात वर्षाचे बिबडे झाले नाहीत तर तो उन्हाळा वाया गेला म्हणतात. बन्सीलालनी बिबडा मोडला आणि बायकोला आपली युक्ती सांगितली.

"म्हणजे भागाबाई आता रोज दुपारी त्या बोळात बसणार?" सुमनबाईंनी विचारलं.

"रोज. तीन तास."

"पत्र्याखाली? धूळ नाही, कावळे नाहीत?"

"चिटपाखरू नाही," बन्सीलाल अभिमानानं म्हणाले. बायको आपल्या कामात इतकं लक्ष घालते याचं त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर सर्व्हर रोज पडायला लागला.

आधी आठवड्यातून एकदा-दोनदा पडायचा, तो आता रोज, अडीचच्या आगेमागे. पडला की दोन कुलपांचा खेळ सुरू व्हायचा. बन्सीलाल किल्ली घेऊन उभे, आणि भटू गोदामात चिंतनात. त्याला उठवून, डोळ्यांवर पाणी मारून आणेपर्यंत साडेतीन वाजायचे. दार उघडावं तर आत सगळं जागच्या जागी. एसी घरघरतोय, हवाही बऱ्यापैकी गार. मशीन पुन्हा चालू केलं की चालायचं, ते थेट दुसऱ्या दिवशीच्या अडीचपर्यंत. मग बन्सीलाल बोळात जायचे. भागाबाई चहा घेऊन भिंतीला टेकून बसलेली. "कोणी आलं होतं?" "नही भाऊ, कुत्रंबी नही उनं."

बन्सीलालनी पहारेकऱ्याला आणखी सतरा गोष्टी तपासायला शिकवल्या. सगळ्या ठीक निघाल्या. आता त्यांना झोप लागेना, अन्न गोड लागेना. भटू झोपेचं सोंग घेतो का? धुळ्याचे आबा टॉवेलखाली नेमकं काय करतात? गिरासे साहेबांनाच आपल्याला घालवायचं असेल का? एके दिवशी शाळेतल्या सुट्टीच्या जादा वर्गाहून येताना सुमनबाईंच्या पिशवीत काहीतरी खडखडलं तर त्यांनी विचारलं, "पिशवीत काय आहे?" सुमनबाई म्हणाल्या, "डबा आहे. का, झडती घ्यायची?" लग्नाला अठरा वर्षं झाली होती, त्यांनी असा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

एकोणतीस मे उजाडला. दोन दिवस उरले. गिरासे साहेबांनी खणातला आदेश काढून टेबलावर, पेपरवेटखाली ठेवला होता. बन्सीलाल दुपारी एकटेच थंड खोलीच्या बाहेर बसले होते. मनातल्या मनात ते शिंदखेड्याच्या एसटीची वेळ आठवत होते. तेवढ्यात भागाबाई येऊन उभी राहिली.

"भाऊ, रागे भरू नका, एक इचारस. बठ्ठास्ले तो कागद दिन्हा, माले काबरं नही दिन्हा?"

"कोणता कागद?"

"तो, मशीनना. काय वाटस ते लिखाना."

"अगं, तो मशीन वापरणाऱ्यांसाठी होता."

"मंग मी काय वापरस नही? तुम्ही तेनं तोंड वापरतस, मी तेनी पाठ वापरस," भागाबाई म्हणाली. "आनि सांगाजोगं शे म्हनीसन सांगस. दोन वाजेलोंग तेनी फुक कशी भट्टीगत गरम येस. मंग एकदम थंडी पडी जास. फुक थंडी पडनी, का घडीभरमा तुम्ही बठ्ठा पयत येतस, पडना पडना करत. रोज असंच व्हस."

बन्सीलाल खुर्चीवरून उठले. एसीची मागची हवा थंड पडते, म्हणजे एसी आतली गरमी बाहेर टाकायचा थांबतो. नुसता पंखा घरघरत राहतो. आत खोली तापत जाते आणि मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं. सतरा गोष्टी तपासणाऱ्या पहारेकऱ्याला खोली तापली हे कळायची सोयच नव्हती. आणि दार उघडेपर्यंत एसी पुन्हा सुरू झालेला.

"हे इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कोनी इचारंच नही."

ते तसेच बोळात गेले. एसीच्या पाठीला लागून एक खाट होती. खाटेवर लुगडं आणि लुगड्यावर ओळीनं बिबडे. आणि धूळ बसू नये, ऊब वाया जाऊ नये म्हणून दुसरं एक जाडं नऊवारी लुगडं तंबूसारखं वरून खाली सोडलेलं, एसीच्या अख्ख्या पाठीला गच्च लपेटून. एसीनं श्वास घ्यावा कुठून? तीन वाजता चहाची वेळ झाली, की भागाबाई लुगडं काढायची, खाट भिंतीमागं उभी करायची, आणि एसीच्या जिवात जीव यायचा.

बन्सीलालना एकाच वेळी आनंद झाला आणि संतापही आला. "सापडलं!" ते ओरडले आणि तावातावात थेट गावाकडच्या बोलीवर आले. "ह्या कोना बिबडा शेतस? नाव सांग! आते त्यालेच धाडस शिंदखेडाले!"

भागाबाईनं खाटेखालचा स्टीलचा डबा पुढं केला. त्याच्या झाकणावर भांडेवाल्यानं सुबक अक्षरात नाव कोरलं होतं. 'सौ. सुमनबाई बन्सीलाल सोनवणे.'

"तुम्हनाच घरना शेतस," भागाबाई म्हणाली. "पहिले मी मनाच आठवडामा एक-दोनदाव टाकू. तुम्ही रोज बठाडं, मंग वयनीनी रोजना धाडात. गच्चीवर ती जमादारनी कबुतरं, बिचारी कोठे वाळाडी?"

बन्सीलाल खाटेच्या कडेवर बसले. गेले पाच आठवडे ते रोज संध्याकाळी चहाबरोबर सर्व्हर पडल्याचं कारण कडाकडा चावून खात होते.

घरी सुमनबाईंनी कबूल केलं. "वर्गाहून येताना डबा घेऊन यायचे. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही हल्ली प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घेता." एवढ्याशा बिबड्यांपायी पुन्हा सात वर्षं शनिवारची वाट बघायची, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "मी येऊन सांगते तुमच्या साहेबाला."

आधारनानांनी मात्र ओट्यावरूनच सल्ला दिला. "वेडा आहेस का? रोजंदारीवरची बाई आहे, तिचं नाव टाक. खाट तिची, लुगडं तिचं. तुझा डबा मी कबुतरांच्या खुराड्यात लपवतो."

बन्सीलालनी कागद घेतला. जबाबदार व्यक्तीचं नाव, या ओळीपुढं पेन टेकवलं आणि थोडा वेळ तसंच धरलं. भागाबाईचं नाव पडलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला कुणी संघाच्या दारात उभं केलं नसतं. आणि त्रेचाळीस माणसांना जे सांगता आलं नाही ते कारण तिनं एकटीनं सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं: 'सदर महिलेस बोळात बसविण्याचा आदेश माझा. बिबडे माझे. जबाबदार: बन्सीलाल सोनवणे.' सही केली आणि किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

गिरासे साहेबांनी तो कागद तीनदा वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "कोणाला वाचवताय?"

"कोणालाच नाही, साहेब."

"माणूस स्वतःचं नाव लिहितो म्हणजे काहीतरी मोठं लपवतोय. सिद्ध करा."

म्हणून तीस मे रोजी तीन सदस्यांच्या समितीसमोर सिद्ध करावं लागलं. गिरासे, भटू आणि खास धुळ्याहून आलेले बोरसे आबा, तिघं बोळात ओळीनं खुर्च्या टाकून बसले. भागाबाईनं खाट लावली, बिबडे मांडले, लुगडं लपेटलं. समिती घाम पुसत बसली. दोन वाजून पाच मिनिटांनी भागाबाई म्हणाली, "पडनी थंडी." दोन पस्तीसला सर्व्हर पडला. मुद्देमाल म्हणून अर्धा डबा बिबडे जप्त झाले, ते खात्रीसाठी भाजून बघण्यात आले, आणि साडेचारपर्यंत मुद्देमाल शिल्लक राहिला नाही. आबांनी तर दोनदा खात्री केली.

"बरं," गिरासे साहेब मिशीवरचे तीळ झटकत म्हणाले. आदेश त्यांच्यासमोर होता, हातात पेन होतं. बन्सीलाल तारखेच्या कोऱ्या जागेकडे बघत उभे राहिले. "चूक तुमची आहे. पण सोनवणे, तुम्ही खोटं लिहू शकत होता आणि लिहिलं नाही. असला माणूस मी लांब शिंदखेड्याला ठेवणार नाही. डोळ्यांसमोर बरा." त्यांनी आदेश परत खणात टाकला. फाडला मात्र नाही.

एक कुलूप निघालं. भागाबाईची खाट एसीपासून पाच हात मागं सरकली, लुगड्याचा तंबू कायमचा बंद झाला आणि सुमनबाईंचे बिबडे दोन तासांऐवजी चार तासांत वाळू लागले. भागाबाईला अभिप्राय पत्रक मिळालं, ते भटूनं तिच्या सांगण्यावरून लिहिलं. तिची एकच सूचना होती: माणसं मोजू नका, मशीनची हवा बघा. ती बन्सीलालनी त्याच दिवशी अमलात आणली. पहारेकऱ्याच्या पडद्यावरून 'चिंतन' हा रकाना समूळ गेला, आणि सगळ्यात खाली एक नवी ओळ आली. दर तासाला भागाबाई खिडकीवर टकटक करून हवेची खबर द्यायची आणि बन्सीलाल ती टाइप करायचे.

दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून आबांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"सोनवणे, पडद्यावर खाली 'भागाबाई: गरम' असं आलंय. आता ती बघते का आमच्याकडे?"

"नाही आबा. ती मशीनकडे बघते, तेही मागच्या बाजूनं. तुम्ही बसलात त्या जळगावच्या समितीत, तुम्हीच तर पाहिलंत तिला."

मग फोन टेबलावर ठेवल्याचा आणि कापड ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा, पाचदा.

"काढले," आबा म्हणाले. "वहिनींना सांगा, पुढच्या वेळी बिबड्यांत लसूण थोडा जास्त घाला."